सिंदखेडचे राजे लखुजीराव जाधव : दोन सत्तांच्या मधल्या वतनाची आणि दौलताबादच्या घाताची गोष्ट

सिंदखेडराजा : दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा उरत नाही. राज्यभरातून गाड्या येतात. लोक राजवाड्यात जातात, राजमाता जिजाऊंचा जन्म झाला त्या जागी माथा टेकवतात आणि परतीच्या वाटेला लागतात. हा वाडा ज्यांच्या नावानं ओळखला जातो, ते राजे लखुजीराव जाधव मात्र अनेकांना फक्त जिजाऊंचे वडील म्हणूनच माहीत असतात. लखुजीरावांचं आयुष्य नीट पाहिलं तर चारशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्याची काय परिस्थिती होती ते समजतं. त्या काळी आपल्याच मुलखात राज्य नेमकं कोणाचं, याचा भरवसा नव्हता. अशा दिवसांत या माणसानं इथं तळी, बारवा, कोट, वाडे उभे केले आणि शेवटी भर दरबारात दोन मुलं आणि एका नातवासह जीव गमावला.

मुलूख कोणाचा?

आज सिंदखेडराजा बुलढाणा जिल्ह्यात आहे. तिथून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात जालना जिल्हा लागतो. एका बाजूला विदर्भ, दुसऱ्या बाजूला मराठवाडा. ही सीमा आजची वाटते, पण ती फार जुनी आहे.

वऱ्हाडावर आधी एलिचपूरच्या इमादशाहीची सत्ता होती. १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीनं ती बुडवली आणि वऱ्हाड निजामशाहीत गेलं. त्यानंतर १५९५ च्या अखेरीस मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला. चांदबीबीनं किल्ला शर्थीनं लढवला, पण तह करताना वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं. अकबराच्या कारभाऱ्यांनी वऱ्हाडाचे जे भाग पाडले, त्यांना सरकार म्हणत. मेहकर हे अशाच एका सरकारचं मुख्य ठाणं होतं. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत लोणारच्या सरोवराचीही नोंद आहे.

म्हणजे उत्तरेला आणि पूर्वेला मोगल, पश्चिमेला दौलताबादकडे निजामशाही, आणि मध्ये सिंदखेड. फौज कोणाचीही असो, ती याच भागातून जायची. तिचे घोडे इथल्याच कडब्यावर पोसले जायचे. पीक उभं असताना फौज आली की शेतकऱ्याचं वर्ष गेलं. सारा वसूल करायला आज एकाचा माणूस आला तर उद्या दुसऱ्याचा यायचा. लखुजीरावांच्या सगळ्या निर्णयांमागे ही अवस्था होती. ती ध्यानात न घेता त्यांना दलबदलू म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यानं गोष्ट समजत नाही.

देशमुखी म्हणजे काय?

जाधव घराणं स्वतःला देवगिरीच्या यादवांचं वंशज मानत आलं आहे. यादवांचं राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या सुलतानांनी संपवलं. देवगिरीचं नाव बदलून दौलताबाद झालं. राज्य गेलं, पण यादव कुळातली माणसं ठिकठिकाणी वतनं सांभाळून राहिली. सिंदखेडचे जाधव त्यांपैकीच, असं घराण्यात पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं.

लखुजीरावांच्या वडिलांचं नाव विठोजी. सिंदखेडची देशमुखी आधी मुळे घराण्याकडे होती आणि एका बंडखोरानं त्या घराण्याचा नाश केल्यावर लखुजीरावांनी बंदोबस्त करून ती मिळवली, अशी कथा या भागात सांगतात. कथेतला तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. सोळाव्या शतकाच्या शेवटी सिंदखेडची देशमुखी लखुजीरावांकडे होती आणि ते निजामशाहीतले बडे सरदार झाले होते, हे मात्र पक्कं आहे.

आज देशमुख हे आडनाव झालंय. तेव्हा ते काम होतं. पाटील गावाचा, तर देशमुख परगण्याचा. परगण्यात पन्नास-शंभर गावं असायची. गावोगावचा सारा गोळा करून सरकारात भरायचा, ओसाड जमीन लागवडीखाली आणायची, चोर-लुटारूंचा बंदोबस्त ठेवायचा आणि राजानं हाक दिली की स्वार घेऊन लढायला जायचं, ही देशमुखाची कामं. हिशेब लिहायला देशपांडे असे. या कामाच्या बदल्यात वसुलीतला ठरावीक वाटा आणि काही जमीन देशमुखाला मिळे. राजा बदलला तरी देशमुख सहसा तोच राहायचा, कारण गावांची नस त्याला माहीत असायची. पण नव्या राजानं मान्यता दिली नाही तर वतन धोक्यात यायचं. म्हणून राज्यकर्त्याशी जुळवून घेणं हा देशमुखीचाच भाग होता.

लखुजीराव नुसते देशमुख राहिले नाहीत. त्यांच्याकडे हजारो स्वारांची फौज होती. अशी फौज पोसायला जहागिरीची गावं लागत. ज्याच्याकडे इतके घोडे, त्याला दरबारात वजन असायचं. पण त्याच्यावर राजाचा डोळाही असायचा.

सिंदखेडची उभारणी

लखुजीरावांच्या काळात सिंदखेडचं रूप पालटलं. गावात शिरताच दिसणारा राजवाडा हा जमिनीवरचा कोटच आहे. पुढं भलंमोठं प्रवेशद्वार, आत तळघरं, भोवती जाड भिंती. याच वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. त्यांच्या आईचं नाव म्हाळसाबाई. दत्ताजी, अचलोजी, राघोजी आणि बहादूरजी हे जिजाऊंचे भाऊ.

वाड्याशिवाय रंगमहाल आहे, काळा कोट आहे. काळ्या कोटाच्या भिंतींची रुंदी बघितली की तो कशासाठी बांधायला घेतला असेल हे सांगावं लागत नाही. मोकळ्या माळावर, डोंगरी किल्ल्याचा आधार नसलेल्या गावाला असाच कोट वाचवू शकला असता.

गावकऱ्यांच्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचं काम पाण्याचं झालं. मोती तलाव आणि चांदणी तलाव ही सिंदखेडची दोन मोठी तळी. मोती तलावाचा दगडी बांध आजही बघण्यासारखा आहे. कमी पावसाच्या या भागात पाणी अडवून ते गावाला आणि शेतीला पुरवणं ही देशमुखाची खरी परीक्षा होती. पाणी असलं तर माणूस टिकतो, माणूस टिकला तर शेत पिकतं आणि शेत पिकलं तर सारा येतो. गावातली पुतळा बारव तिच्यावरच्या कोरीव मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. नीलकंठेश्वराचं मंदिर लखुजीरावांच्या आधीचं, पण त्याचा जीर्णोद्धार त्यांच्या नावावर आहे.

भोसल्यांशी सोयरीक

वेरूळचे मालोजी आणि विठोजी भोसले हे दोघे भाऊही निजामशाहीतलेच. मालोजींच्या पत्नी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांच्या लेक. मालोजींचे थोरले चिरंजीव शहाजीराजे.

जिजाऊ आणि शहाजीराजांच्या लग्नाबद्दल रंगपंचमीची कथा घरोघरी माहीत आहे. लखुजीरावांच्या घरी रंग खेळताना दोन्ही लेकरांनी एकमेकांवर रंग उडवला, लखुजीराव हसत हसत जोडा छान दिसतो असं बोलून गेले, मालोजींनी तो शब्द धरला आणि नंतर म्हाळसाबाईंना ही सोयरीक कमीपणाची वाटली, अशी ती कथा. बखरींमधून ती लोकांपर्यंत आली. पण अनेक इतिहासकारांना ती पटत नाही, कारण भोसलेही तेव्हा नावाजलेले सरदार होते आणि फलटणच्या निंबाळकरांसारख्या जुन्या घराण्याशी त्यांची सोयरीक आधीच झालेली होती. लग्न १६०५ साली झाल्याचं सांगितलं जातं. तेव्हा जिजाऊ सात-आठ वर्षांच्या असतील. त्या काळात लग्नं याच वयात होत.

या सोयरिकीमुळं निजामशाहीतली दोन बलाढ्य मराठा घराणी जोडली गेली. पुढच्या पंचवीस वर्षांत हीच दोन घराणी कधी एका बाजूला तर कधी समोरासमोर उभी राहिली. या ओढाताणीचा सगळ्यात मोठा चटका जिजाऊंना बसला.

मोगल की निजामशाही?

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. पण हबशी सरदार मलिक अंबरनं निजामशाही घराण्यातला वारस गादीवर बसवून राज्य पुन्हा उभं केलं. खडकी हे शहर त्यानंच वसवलं, तेच पुढं औरंगाबाद झालं. मराठा स्वारांच्या जोरावर त्यानं मोगलांना पंचवीस वर्षं दमवलं. रसद तोडायची, अचानक हल्ला करायचा, समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही, ही त्याची लढण्याची पद्धत. ती ज्यांच्या बळावर चालली त्या सरदारांत लखुजीराव होते.

पण अंबरचं आणि त्याच्या सरदारांचं नेहमी पटलं नाही. १६१५-१६ च्या सुमारास काही हबशी आणि मराठा सरदार अंबरला सोडून बाळापूरला मोगल सेनापती शाहनवाज खानाकडे गेले. बादशहा जहांगीरच्या आत्मचरित्रात या सरदारांची नावं आहेत, त्यात जाधवरावांचंही नाव आहे. फारसी कागदपत्रांत त्यांना जादूराय म्हटलेलं आढळतं. त्यानंतर लगेच, १६१६ साली, रोशनगावला मोठी लढाई झाली. अंबर हरला आणि मोगलांनी खडकी जाळली.

पुढं शहजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा बादशहा शहाजहान, दख्खनेत उतरला. लखुजीरावांना मोगलांची पाच हजारी मनसब मिळाली. घरातल्या सगळ्यांची मिळून चोवीस हजारांची मनसब आणि पंधरा हजार स्वार, अशी नोंद मोगल सरदारांच्या चरित्रग्रंथात आहे. मनसब म्हणजे दरबारातला दर्जा. किती हजारी त्यावर मान आणि पगार ठरे, आणि किती स्वार त्यावर ठेवायची फौज. दख्खनेतल्या एका मराठा घराण्याला एवढा दर्जा मिळणं ही मोठी गोष्ट होती. जाधवराव आपल्या बाजूला असणं मोगलांना किती मोलाचं वाटत होतं, ते यावरून समजतं.

लखुजीरावांच्या बाजूनं बघितलं तर हिशेब वेगळा होता. वऱ्हाड मोगलांकडे गेलेलं. बाळापूरला मोगल फौजेचा तळ. सिंदखेड त्यांच्या तोंडाशी. अशा वेळी मोगलांशी वैर धरलं तर पहिला घाव सिंदखेडवरच पडणार. आणि मोगलांकडे गेलं तर दौलताबादचा रोष ओढवणार. या मुलखातल्या प्रत्येक वतनदारापुढं हाच पेच होता.

हत्ती बिथरला आणि दोन घरं फुटली

लखुजीरावांनी निजामशाही सोडण्याचं आणखी एक कारण शिवभारत या ग्रंथात दिलं आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातच कवींद्र परमानंदांनी तो संस्कृतात रचला.

दरबार सुटला होता. सरदार आपापल्या लवाजम्यासह परत निघाले होते. गर्दीत खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसं तुडवू लागला. लखुजीरावांचे थोरले चिरंजीव दत्ताजी त्या हत्तीवर तुटून पडले. खंडागळ्यांच्या बाजूनं विठोजी भोसल्यांची मुलं, संभाजी आणि खेळोजी, मध्ये पडली. हे संभाजी म्हणजे शहाजीराजांचे चुलत भाऊ. हत्तीवरून सुरू झालेलं भांडण माणसांवर आलं आणि तलवारी निघाल्या. त्यात संभाजींच्या हातून दत्ताजी पडले.

लखुजीराव पुढं निघून गेले होते. मुलगा गेल्याचं कळताच ते माघारी फिरले. त्यांना आवरायला शहाजीराजे आडवे आले. सासऱ्याच्या तलवारीचा वार जावयावर बसला आणि शहाजीराजे जखमी झाले. लखुजीराव थांबले नाहीत. त्यांनी संभाजींना ठार केलं, तेव्हाच ही मारामारी संपली.

एका दिवसात जिजाऊंचा सख्खा भाऊ गेला, चुलत दीर गेला आणि नवरा जखमी झाला. भावाला मारणारे सासरचे, दिराला मारणारे माहेरचे. दोघंही एकाच निजामशाहाच्या चाकरीत. भांडण कशावरून, तर तिसऱ्याच सरदाराच्या बिथरलेल्या हत्तीवरून.

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. एका बाजूला मलिक अंबर, दुसऱ्या बाजूला मोगल आणि विजापूरची आदिलशाही फौज. शहाजीराजे अंबरकडून लढले. लखुजीराव मोगलांच्या बाजूला होते. अंबरनं भातवडीच्या तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मग हल्ला चढवला. मोगल आणि आदिलशाही फौज उधळली गेली. या लढाईत शहाजीराजांचे धाकटे भाऊ शरीफजी कामी आले. सासरे आणि जावई रणांगणात समोरासमोर, असं चित्र जिजाऊंनी पाहिलं.

परतीची वाट

१६२६ साली मलिक अंबर वारला. पुढच्या वर्षी बादशहा जहांगीर गेला. १६२८ च्या सुरुवातीला शहाजहान गादीवर आला. दोन्हीकडची घडी बदलली. या धामधुमीत दख्खनचा मोगल सुभेदार खानजहान लोदी यानं निजामशाहाकडून मोठी रक्कम घेऊन बालाघाटचा मुलूख त्याला परत देऊन टाकला. बालाघाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरावरचा पठारी भाग. कागदावर सत्ता पुन्हा बदलली.

अंबरनंतर निजामशाही दरबारात त्याच्या तोलाचा माणूस उरला नव्हता. हमीद खान नावाच्या सरदाराचं वजन वाढलं होतं आणि जुन्या सरदारांवर संशय घेतला जात होता. अशाच काळात लखुजीराव पुन्हा निजामशाहीत आले. शहाजीराजेही निजामशाहीतच होते. सासरे-जावई बऱ्याच वर्षांनी एका झेंड्याखाली आले.

पण परत आलेल्या माणसावर दरबाराचा विश्वास बसला नाही. जो एकदा मोगलांकडे गेला तो पुन्हा जाईल, ही भीती निजामशाहाच्या मनात भरवली गेली. लखुजीरावांची फौज मोठी, त्यांचं वतन मोगलांच्या हद्दीला लागून. ज्या कारणानं ते हवेसे होते, त्याच कारणानं ते धोकादायक ठरले.

२५ जुलै १६२९

श्रावणी पौर्णिमेचा दिवस. लखुजीराव मुलं आणि नातवासह दौलताबादच्या किल्ल्यात निजामशाहाच्या भेटीला गेले. दरबाराच्या रिवाजाप्रमाणं मुजरा करायला निघालेल्या माणसाबरोबर फौज नसते. त्यांना धरायचं आधीच ठरलं होतं आणि मारेकरी दबा धरून बसले होते. निजामशाह आत निघून गेला आणि मारेकऱ्यांनी घेरलं. जाधवांनी तलवारी उपसल्या. पण मोजकी माणसं किती वेळ टिकणार? लखुजीराव, त्यांची मुलं अचलोजी आणि राघोजी, आणि दिवंगत दत्ताजींचे चिरंजीव यशवंतराव असे चौघे तिथंच मारले गेले. आजोबा, दोन काका आणि पुतण्या. एका घरातल्या तीन पिढ्या एका दिवसात कापल्या गेल्या.

ज्या यादवांचा वारसा जाधव सांगत, त्यांची राजधानी देवगिरी म्हणजेच दौलताबाद. तिथंच हे घडलं.

खबर किल्ल्याबाहेर पोचली तेव्हा शोक करायलाही वेळ नव्हता. लखुजीरावांच्या पत्नी, बंधू जगदेवराव आणि वाचलेले चिरंजीव बहादूरजी यांनी सिंदखेड गाठलं. फारसी ग्रंथांत लखुजीरावांच्या या पत्नीचं नाव गिरजाबाई असं येतं, आपल्याकडे त्या म्हाळसाबाई म्हणून ओळखल्या जातात. निजामशाहानं नंतर समजूत घालण्याचा प्रयत्न केला, पण आता कोण विश्वास ठेवणार? जाधव मंडळी शहाजहानकडे गेली. बहादूरजी आणि जगदेवराव यांना मोठ्या मनसबी मिळाल्या आणि सिंदखेड घराण्याकडेच राहिलं.

त्या वेळी जिजाऊ पोटुशा होत्या. वडील, दोन भाऊ आणि भाचा गेल्यानंतर सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

त्यानंतर काय झालं?

हा घात निजामशाहीला महागात पडला. मराठा सरदारांचा भरवसा उडाला. शहाजीराजेही निजामशाही सोडून काही काळ मोगलांकडे गेले. त्यात १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. लोक गावं सोडून गेली, शेतं ओस पडली. १६३३ साली मोगलांनी दौलताबाद जिंकलं. शहाजीराजांनी मोगलांना सोडून निजामशाहीचा एक वारस पुढं करून राज्य वाचवण्याचा प्रयत्न केला, पण १६३६ साली निजामशाही कायमची संपली. लखुजीरावांना मारून जेमतेम सात वर्षं झाली, तोच त्यांना मारणारं राज्य नकाशावरून पुसलं गेलं.

जाधव आणि भोसल्यांचं नातं मात्र तुटलं नाही. शिवाजी महाराजांच्या राण्यांपैकी काशीबाई या जाधव घराण्यातल्या. पुढं छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात औरंगजेबाच्या फौजांना सळो की पळो करणारे सेनापती धनाजी जाधव हे अचलोजींच्या वंशातले मानले जातात. म्हणजे दौलताबादला पडलेल्या अचलोजींचं रक्त स्वराज्यासाठी लढलं. सिंदखेडची शाखा मोगलांच्या चाकरीत राहिली आणि दुसरी शाखा मोगलांशी लढली. एकाच घराण्यात दोन्ही वाटा.

सिंदखेडचा परिसरही शांत राहिला नाही. १७२४ साली याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्क आणि मोगल सुभेदार मुबारिज खान यांची लढाई झाली. मुबारिज खान मारला गेला आणि हैदराबादच्या निजामाची सत्ता खऱ्या अर्थानं इथून सुरू झाली. जाधवांचा मुक्काम पुढं देऊळगाव राजालाही राहिला. तिथलं प्रसिद्ध बालाजी संस्थान या घराण्याशी जोडलेलं आहे. १८५१ साली घराण्यातल्या बाजीराव जाधवांच्या अरब शिपायांची निजामाच्या इंग्रजी अंमलाखालच्या फौजेशी चकमक झाली आणि त्यांची वतनं जप्त झाली.

समाधी

लखुजीराव आणि त्यांच्या घरातल्या पुरुषांची समाधी सिंदखेडराजात आहे. देशातल्या मोठ्या समाध्यांमध्ये तिची गणना होते. ती लांबून मंदिरासारखी दिसते, त्यामुळं नवखा माणूस अनेकदा मंदिर समजूनच आत जातो.

२०२४ साली भारतीय पुरातत्त्व खात्यानं समाधीच्या परिसरात जतनाचं काम सुरू केलं. माती काढताना आधी जुन्या शिवमंदिराचा पाया लागला आणि जून महिन्यात शेषावर पहुडलेल्या विष्णूची अखंड दगडातली मोठी मूर्ती सापडली. विष्णूचे पाय चेपणारी लक्ष्मी आणि समुद्रमंथनाचा देखावाही त्यावर कोरलेला आहे. लखुजीरावांच्या आधी कित्येक शतकं सिंदखेड नांदतं होतं, हे त्यावरून पुन्हा दिसलं.

लखुजीराव राजे म्हणवले गेले, पण स्वतंत्र राजे झाले नाहीत. हाताशी हजारो घोडे असूनही त्यांना दुसऱ्याच्या दरबारात मुजऱ्याला जावं लागलं आणि तिथंच त्यांचा जीव गेला. दुसऱ्यांसाठी लढून माहेर आणि सासर कसं रिकामं होतं, हे जिजाऊंनी स्वतः भोगलं होतं. त्यांच्या मुलानं पुढं कोणाच्या चाकरीत न राहता स्वतःचं राज्य उभं केलं.

आता सिंदखेडराजाला पोचणं सोपं झालंय. जुना मुंबई-नागपूर रस्ता गावावरून जातो आणि समृद्धी महामार्गही जवळून गेलाय. राजवाडा बघून झाला की गाडीत बसण्याआधी थोडा वेळ काढून समाधीपर्यंत जावं. लेकराबाळांना घेऊन गेलात तर तिथं कोण विसावलं आहे आणि ते कसे गेले, एवढं त्यांना सांगावं. मग मोती तलावाच्या बांधावरही एक चक्कर मारावी. निजामशाही गेली, मोगल गेले, निजाम गेला. लखुजीरावांच्या नावानं ओळखला जाणारा तो दगडी बांध अजून जागेवर आहे.